बोटुकली तळ्यात सोडण्याआधी



बैलबाजारात गेलो म्हणजे आपण काय करतो? बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. ज्वारीचे बियाणे आणले तर मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. शेततळ्यात सोडायचे मत्स्यबीज मात्र आपण कसे घेतो? प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी उजेडाला धरतो, आत बोटुकली चपळ दिसली की पैसे मोजतो आणि दिवस मावळायच्या आत ती तळ्यात सोडून मोकळे होतो. पिशवीत मासे किती आहेत हे विचारतो. माशांबरोबर आणखी काय आले, हे कोणी विचारत नाही.

आपल्या राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि गावोगाव तळी झाली. डाळिंबाला व द्राक्षाला पाणी देता देता त्याच पाण्यात मासे वाढवणारी कुटुंबे आज पुष्कळ आहेत. रोहू, कटला, मृगळ यांच्याबरोबर सुधारित चिलापी, म्हणजे ज्याला आपण 'गिफ्ट तिलापिया' म्हणतो, तिची मागणी वाढली आहे. ही जात काटक, वाढीला चांगली आणि काटे कमी असल्याने गिऱ्हाइकाला आवडणारी. परंतु तिच्यामागे एक विषाणूजन्य रोगही आलेला आहे. त्या रोगाची तळ्याच्या काठावर करावयाची झटपट चाचणी काय असते, ती केव्हा करावी आणि तिच्या निकालावर किती विसंबावे, याचा विचार या वेळी करू.

रोगाला नाव मिळायला पाच वर्षे लागली

इस्रायलमध्ये २००९ च्या सुमारास तळ्यांतील चिलापी मोठ्या प्रमाणावर मरू लागली. पाणी तपासले, खाद्य तपासले, जीवाणू शोधले, पण उलगडा होईना. अखेर २०१४ साली तेथील शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा काढून दाखवला. त्यालाच आज तिलापिया लेक विषाणू म्हणतात. मधल्या पाच वर्षांत मासे मरतच होते आणि लोक नवे बीज सोडतच होते.

पुढे थायलंडमध्ये एक बोलकी गोष्ट उघडकीस आली. तेथील बीज केंद्रांतून घेऊन साठवून ठेवलेले जुने नमुने शास्त्रज्ञांनी २०१७ साली पुन्हा तपासले, तेव्हा २०१२ सालच्या नमुन्यांतही हा विषाणू सापडला. याचा अर्थ असा की, रोगाचे नाव कोणाला ठाऊक होण्यापूर्वीच तो पिशवीत बसून प्रवास करीत होता. २०१७ च्या मे महिन्यात जागतिक अन्न व शेती संघटनेने सर्व देशांना सावध केले. भारतात या विषाणूची शास्त्रीय नोंद २०१८ साली झाली.

या रोगात मरतूक सारखी नसते. कोठे १०० पैकी १० मासे मरतात, कोठे ९०. पुष्कळदा बोटुकली सोडल्यावर पहिल्या महिन्याभरात मरतूक सुरू होते. मासे खाद्याला येत नाहीत, सुस्त होऊन कडेला येतात, अंगावरची कातडी सोलवटते, डोळे धुरकट होतात किंवा खोल जातात, पोट फुगते. जे वाचतात त्यांच्या अंगात पुढे प्रतिकारशक्ती येते, परंतु वरून धडधाकट दिसणारा मासाही रोग वाहून नेऊ शकतो. हा विषाणू माणसाला बाधत नाही, हे येथेच सांगून ठेवतो, म्हणजे घरात कोणी घाबरणार नाही.

औषध नाही, म्हणूनच चाचणी

पिकावर करपा आला की फवारणी करायची, जनावराला ताप आला की सुई टोचून घ्यायची, अशी आपल्या हाताला सवय. विषाणूजन्य मत्स्यरोगात ही सवय अंगाशी येते. विषाणूवर प्रतिजैविक औषध चालत नाही. तरीही तळ्यात मासे उलटे तरंगू लागले की शेतकरी दुकानात धावतो आणि दुकानदार हाताला येईल तो डबा देतो. पैसे जातात, मासे जातात, आणि औषधाचा अंश उरलेल्या माशांत राहतो तो वेगळाच. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांसारखी औषधे मत्स्यपालनात वापरण्यास आपल्या देशात बंदीच आहे.

मग औषध नसेल तर चाचणी कशाला, असे कोणी विचारील. चाचणीने मासा बरा होत नाही हे खरे. तिच्यावरून आपल्याला निर्णय करता येतो. हे बीज घ्यावे की परत करावे, तळ्यातले पाणी नाल्याला सोडावे की अडवून धरावे, शेजाऱ्याला जाळे द्यावे की नाही, दुकानात पैसे घालावेत की वाचवावेत, या चार प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळाली तर नुकसान एका तळ्यापुरते राहते.

किनारपट्टीवरील कोळंबीवाल्यांनी हा धडा फार महागात घेतला आहे. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आपल्या देशात आला आणि पूर्व किनाऱ्यावर तळीच्या तळी बसली. त्यानंतर कोळंबीचे बीज प्रयोगशाळेतून तपासून घेण्याची पद्धत पडली. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयाने तर या विषाणूसाठी तळ्यावर करता येईल अशी चाचणीही तयार केली. गोड्या पाण्यातील आपल्या शेततळ्यांना ही शिस्त अजून लागलेली नाही.

चाचणीचे तीन प्रकार

२०२० च्या करोना साथीत आपण सर्वांनी दोन प्रकारच्या चाचण्या पाहिल्या. एक, केंद्रावर बसल्या जागी अर्ध्या तासात निकाल देणारी पट्टी. दुसरी, नमुना प्रयोगशाळेत पाठवून उद्या-परवा निकाल देणारी. माशांच्या बाबतीतही गोष्ट अशीच आहे.

पहिला प्रकार पट्टीचा. माशाच्या अवयवाचा छोटा तुकडा दिलेल्या द्रवात चुरडून त्याचे थेंब पट्टीवर टाकावयाचे. दोन रेषा उमटल्या तर रोग आहे, एकच उमटली तर आढळला नाही. मात्र नियंत्रण रेषा उमटलीच पाहिजे. ती नसेल तर पट्टी बिघडलेली समजून निकाल धरू नये. पट्टीला यंत्र लागत नाही, शिकायला सोपी. परंतु माशाच्या अंगात विषाणू भरपूर झालेला असेल तरच ती बोलते. रोगाच्या सुरुवातीला ती गप्प राहण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार 'लॅम्प' नावाचा. यात विषाणूचा जनुकीय अंश एका छोट्या नळीत एकाच तापमानाला, साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसवर, अर्धा ते एक तास ठेवून लक्षावधी पटींनी वाढवतात. रोग असेल तर नळीतील द्रवाचा रंग पालटतो. बॅटरीवर चालणारी छोटी तापक पेटी असली की हे काम तळ्यावर होते. तिलापिया लेक विषाणूसाठी ही पद्धत शास्त्रज्ञांनी बसवलेली आहे. पट्टीपेक्षा ही कितीतरी बारीक शोध घेते. मात्र हात स्वच्छ हवा. आधीच्या नळीतील कणभर द्रव दुसऱ्या नळीत गेला तर निरोगी मासाही रोगी ठरतो. म्हणून चाचणी झालेली नळी पुन्हा कधीही उघडू नये. प्रत्येक वेळी एक रोगाची खूणनळी आणि एक कोरी नळी बरोबर लावावी. कोरीचा रंग पालटला तर सारी चाचणी रद्द समजावी.

तिसरा प्रकार पीसीआर यंत्राचा. हे मूळचे प्रयोगशाळेचे काम. आता त्याची हाती नेता येणारी छोटी यंत्रेही निघाली आहेत. खर्च जास्त आणि शिकलेला माणूस हवा, पण शेवटचा शब्द याच चाचणीचा. पट्टीवर किंवा लॅम्पवर रोग निघाला तर त्याची खातरजमा येथे करून घ्यावी.

यांतील कोणतीही चाचणी 'सर्व रोगांची' नसते. पेटीवर ज्या विषाणूचे नाव छापले असेल तेवढाच तिला दिसतो. कोळंबीची पट्टी चिलापीला लावून उपयोग नाही. विकत घेण्यापूर्वी रोगाचे नाव, मुदत आणि कोणत्या तापमानाला ठेवावयाची हे वाचावे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेल्या पट्टीवर भरवसा ठेवू नये.

किती मासे तपासावे?

येथे आपले लोक हमखास चुकतात. दहा हजार बोटुकलीतून चारदोन उचलून तपासायच्या आणि 'माल स्वच्छ' म्हणायचे, हे बरोबर नाही.

समजा, लॉटमधील १०० पैकी ५ माशांत रोग आहे. दहा हजारांत असे ५०० रोगी मासे झाले. त्यातून आपण १० मासे उचलले तर एकही रोगी मासा हाती न लागण्याचा संभव १०० पैकी ६० इतका आहे. तेच ६० मासे तपासले तर निसटण्याचा संभव १०० पैकी ५ च्या आत येतो. रोग १०० पैकी १० माशांत असेल तर ३० मासे पुरतात, आणि १०० पैकी २ माशांतच असेल तर १५० लागतात. म्हणून मध्यम मार्ग म्हणून ६० हा आकडा लक्षात ठेवावा.

साठ मासे म्हणजे साठ चाचण्या नव्हेत. पाच पाच मासे एकत्र घेऊन १२ चाचण्यांत काम भागते. एखाद्या गटात रोग निघाला की तो लॉट गेलाच, मग नेमका मासा कोणता हे शोधत बसण्याचे कारण नाही. मासे सर्व पिशव्यांतून घ्यावेत. अशक्त, काळपट पडलेले, तळाशी बसलेले मासे नमुन्यात जरूर असावेत. चपळ तेवढे निवडले तर आपणच आपली फसवणूक केली असे होईल.

तळ्यात मरतूक चालू असताना नमुना घ्यायचा असेल तर नुकताच मेलेला किंवा मरणाच्या दाराशी आलेला मासा घ्यावा. फुगून वर आलेला, वास सुटलेला मासा निरुपयोगी, कारण कुजताना विषाणूचा अंशही नष्ट होतो. मोठ्या माशाचे यकृत, प्लीहा व मेंदू उपयोगी पडतात. अंगावरचा बुळबुळीत स्राव घेऊनही तपासता येते, त्यामुळे मासा मारावा लागत नाही. प्रयोगशाळेत पाठवायचा तर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा, किंवा लहान तुकडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून न्यावेत. हात धुण्याचे सॅनिटायझर किंवा फॉर्मेलिन यांत तुकडे टाकले तर या चाचणीचा नमुना वाया जातो.

'आढळला नाही' म्हणजे काय?

चाचणीत रोग निघाला नाही की आपण निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणाच घातक. 'आढळला नाही' याचा अर्थ 'या साठ माशांत, आज, या पट्टीला दिसला नाही' इतकाच. काल लागण झालेला मासा आजच्या चाचणीत लपू शकतो. यास्तव चाचणीला विलगीकरणाची जोड द्यावी.

नवे बीज थेट मोठ्या तळ्यात न सोडता वेगळ्या सिमेंटच्या टाकीत किंवा ताडपत्रीच्या छोट्या कुंडात दोन ते तीन आठवडे ठेवावे. त्याच तळ्यात जाळीचा हापा बांधून ठेवणे म्हणजे विलगीकरण नव्हे, कारण पाणी एकच असते. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पिशवी तरंगत ठेवून तापमान सारखे करून घ्यावे, मग मासे जाळीने काढून सोडावेत आणि पिशवीचे पाणी तळ्यापासून दूर जमिनीत मुरू द्यावे. या मुदतीत मासे नीट खात असले आणि मरतूक वाढली नाही तर मग तळ्यात सोडावे. प्रवासाच्या ताणाने लपलेला रोग याच दिवसांत डोके वर काढतो. कुंडात गेलेले पाचशे मासे परवडले, तळे गेलेले परवडत नाही.

प्रत्येक मरतूक विषाणूची नसते

मासे मेले की लगेच विषाणूच्या नावाने खडे फोडू नयेत. आधी पाण्याकडे पाहावे. पहाटे सारे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेत असतील, एका रात्रीत मोठे मासे अधिक मेले असतील आणि ऊन वर आल्यावर उरलेले सावरले असतील, तर तो प्राणवायूचा तुटवडा समजावा. ढगाळ हवा, जास्त खाद्य, हिरवेगार पाणी ही त्याची कारणे. तेथे चाचणीचा खर्च नको. ताजे पाणी व हवा द्यावी, खाद्य बंद करावे.

डोळे बाहेर आलेले, मासा गोल गोल फिरत पोहणारा, असे दिसले तर चिलापीत जीवाणूंचा रोगही असू शकतो. त्याला तज्ज्ञांच्या सल्ल्याने उपचार आहेत. विषाणू व जीवाणू यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात, कधी दोन्ही एकाच वेळी असतात. डोळ्यांनी पाहून रोगाचे नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा चाचणी बरी, ती यासाठीच.

यात घरातील मंडळींचा मोठा हातभार लागतो. रोज खाद्य टाकायला बहुधा घरातील बाई किंवा शाळेतील मूल जाते. मासे आज खाद्याला उशिरा आले, चार मासे कडेला सुस्त होते, हे त्यांनाच आधी दिसते. तळ्याजवळ एक वही ठेवावी. रोज सकाळी मेलेले मासे मोजून आकडा लिहावा. आज दोन, उद्या पाच, परवा बारा असा चढता आकडा दिसला की थांबू नये. तो नमुना घेण्याचा दिवस समजावा.

रोग निघाला तर

आता अवघड गोष्ट सांगतो. चाचणीत रोग निघाला की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो लपवण्याचा. कर्ज काढून बीज आणलेले असते. उरलेली बोटुकली दुसऱ्या गावच्या पाहुण्याला स्वस्तात देऊन टाकावी, पाणी रात्रीतून नाल्याला सोडावे, आणि मुकाट्याने नवे बीज आणावे, असे वाटते. असे वाटणाऱ्याला मी वाईट म्हणणार नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. परंतु त्या नाल्यावर खाली आणखी चार तळी असतात, आणि त्या पाहुण्याचेही कर्जच असते. शिवाय ज्या नाल्यात आपण रोग सोडला, त्याच नाल्यातून पुढच्या वर्षी आपण पाणी उचलणार असतो.

म्हणून रोग निघाल्यास पुढील गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. तळ्यातून एकही जिवंत मासा बाहेर देऊ नये. पाणी बाहेर सोडू नये. जाळी, बादल्या, टोपल्या वेगळ्या काढून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवाव्यात. मेलेले मासे रोज काढून पाण्यापासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. बांधावर फेकले तर बगळे व कावळे ते दुसऱ्याच्या तळ्यात नेऊन टाकतात. खाद्य कमी करावे, मासे हाताळून त्यांना त्रास देऊ नये. विक्रीच्या आकाराचे, धडधाकट मासे असतील तर मत्स्य अधिकाऱ्यांना विचारून ते काढून खाण्यासाठी विकता येतील, मात्र जिवंत विकू नयेत आणि साफ केलेली घाण पुरून टाकावी. हंगाम संपल्यावर तळे रिकामे करून गाळ काढावा व निर्जंतुक करावे. चुना व ब्लीचिंगची मात्रा तळ्याच्या मापावरून तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावी, विशेषतः प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात.

खबर द्यायची ती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला. नमुन्यासंबंधी सल्ल्यासाठी नागपूर व उदगीर येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालये, रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था ही जवळची ठिकाणे आहेत. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या देखरेखीखाली देशात २०१३ पासून जलचर रोगांची पाहणी चालते. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचे मोबाईल ॲप सुरू केले. त्यावर माशाचे छायाचित्र व माहिती पाठवता येते. घरातील शिकल्यासवरल्या मुलाला हे काम पाच मिनिटांचे आहे.

एकट्याला महाग, गावाला स्वस्त

बारा चाचण्यांचा खर्च एका छोट्या शेततळ्याला जड जाईल, हे मला मान्य आहे. पण एका गावातले आठदहा शेतकरी बहुधा एकाच गाडीतून, एकाच केंद्राचे बीज आणतात. मग लॉट एक, तर चाचणीही एक. सर्वांनी मिळून बीज केंद्राकडे गाडी भरण्यापूर्वीच तपासणीचा निकाल मागावा. एकट्याने मागितला तर केंद्रवाला हसून टाळील. लाखभर बोटुकलीचे गिऱ्हाईक एका तोंडाने मागू लागले तर त्याला द्यावा लागेल. बचतगटाने किंवा मच्छीमार सहकारी संस्थेने यात पुढाकार घ्यावा आणि गावातील एकदोन तरुण मुलामुलींना नमुना कसा घ्यावा हे महाविद्यालयात पाठवून शिकवून आणावे.

थोडक्यात लक्षात ठेवावयाचे ते असे: बीज घेण्याआधी चाचणी, एका लॉटचे ६० मासे, निकाल चांगला आला तरी दोन ते तीन आठवडे वेगळे कुंड, मरतुकीची रोजची वही, आणि रोग निघाला तर शेजाऱ्याला त्याच दिवशी निरोप. पहिल्या चार गोष्टींना थोडे पैसे आणि थोडी मेहनत लागते. पाचवीला पैसा लागत नाही, पण तीच सर्वांत जड जाते. तरीही ती करावी, कारण पुढच्या वर्षी रोग शेजाऱ्याच्या तळ्यात निघेल तेव्हा त्याचा निरोप आपल्याला वेळेवर मिळायला हवा.